कोणत्या ताईची?

पुण्याला बहिणीशी फोनवर बोलताना मी सहज म्हणाले, "सध्या मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी ताई ची करते." पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "कोणत्या ताईची? आणि करतेस काय तिची? सेवा?"

हसून झाल्यावर तिला सांगितलं की ही ताई आपल्याकडची नव्हे, चीनची. हातपाय अगदी सावकाश हलवत, उभ्याने करायचा एक व्यायाम. "मग योगासनं सोडलीस की काय?" हा तिचा पुढचा प्रश्न. तिसरा प्रश्न तिने विचारला नाही, पण तो तिच्या आवाजात होता: या वयात हे नवीन खूळ कशाला?

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला दिलं नाही. ते इथे लिहिते, कारण १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेल्या आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं उत्तर तेच असणार आहे. आपण सगळे आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडतो आहोत. आणि आपण पडतो आहोत. हो, अक्षरशः पडतो आहोत. फक्त कोणी कोणाला सांगत नाही.

पडले, पण बोलले नाही

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. रिसायकलिंगचा डबा रस्त्याच्या कडेला न्यायला बाहेर पडले. ड्राइव्ह-वेवर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा होता. पाय कधी सरकला ते कळलंच नाही. डाव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं. आमचे हे धावत आले, इमर्जन्सीत घेऊन गेले. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार काय आला? दुखण्याचा नव्हे. "मुलीला काय सांगायचं?" हा.

कारण ती दोन वर्षं मागे लागली होती: घर विका, एवढे जिने, एवढा बर्फ, आता तुम्हाला झेपत नाही. ज्या घरात मुलं वाढली, तीस-पस्तीस गणपती बसले, ते घर माझ्या एका पाय घसरण्याने जाणार, असं मला वाटलं. म्हणून तिला सांगितलं, "फडताळातून बरणी काढताना हात दुखावला." ह्यांनी मान डोलावली. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं एकमत आमचं क्वचितच झालं असेल!

नंतर वाचलं की ही लबाडी आमची एकट्याची नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या म्हणण्याप्रमाणे या देशात पासष्टीच्या पुढच्या दर चौघांमधला एक जण तरी दरवर्षी पडतो आणि त्यातले निम्म्याहून कमी लोक आपल्या डॉक्टरला ते सांगतात. एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते. खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात दाखल होणारी वयस्क माणसं वर्षाला सुमारे तीन लाख असतात आणि त्यातली बहुतेक पडूनच तिथे पोचलेली असतात.

आकडे बाजूला ठेवू. आमच्या मंडळातले एक काका होते. प्रत्येक नाटकाचा सेट स्वतःच्या व्हॅनमधून आणायचे, खुर्च्या मांडायचे, शेवटी हॉल झाडायचे. एका संध्याकाळी बेसमेंटमधून तांदळाची पिशवी आणायला गेले आणि शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण माणूस पुन्हा पहिल्यासारखा उठला नाही. आठ महिन्यांनी आम्ही त्यांच्या शोकसभेला त्याच हॉलमध्ये बसलो होतो आणि खुर्च्या दुसऱ्या कोणीतरी मांडल्या होत्या. मागाहून त्यांच्या पत्नीने सांगितलं की त्याआधी ते दोनदा पडले होते. "कोणाला सांगू नकोस" म्हणाले होते.

चार सेकंद

माझं प्लास्टर निघालं, मनगटासाठी फिजिकल थेरपी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "हात सुधारतोय. पण तुम्ही पडलात कशा ते बघू या." तिने मला एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, दोरीवर उभं राहिल्यासारखं दहा सेकंद उभं राहायला सांगितलं. मला चार सेकंद जमलं.

मी दुखावले. "मी रोज सकाळी योगासनं करते," मी तिला ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "त्यातली उभ्याने किती?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झाले. शाळेत असताना मी पन्नास सूर्यनमस्कार घालायची. पण गुडघे दुखायला लागले तसे ते पंचवीस झाले, मग बारा, मग बंद. वृक्षासन कधी सोडलं ते आठवतही नाही. उरलं काय? प्राणायाम, मांडी घालून बसायची दोन-तीन आसनं आणि शवासन. शवासनात कोणाचा तोल जात नाही! योग वाईट नव्हता, मीच त्यातलं अवघड तेवढं हळूच वगळत गेले होते. आपल्यापैकी किती जणांचा 'रोजचा योग' असा आहे, हे ज्याने त्याने मनाशी तपासावं.

"जमिनीवर बसावं लागणार नाही असं काही हवं असेल, तर ताई ची करून बघा," ती म्हणाली.

रिकामा पाय, भरलेला पाय

आमच्या गावच्या सीनियर सेंटरमध्ये वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई मूळच्या तैवानच्या, वय अठ्ठ्याहत्तर, चण चिमणीएवढी. वर्गात इटालियन आज्या, एक कोरियन जोडपं, एक निवृत्त पोस्टमन आणि मी. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी हातांच्या त्या सुंदर हालचाली शिकवतील. बाईंनी तासभर नुसतं चालायला शिकवलं!

गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. सगळं वजन उजव्या पायावर न्यायचं, म्हणजे तो पाय 'भरला'. डावा आता 'रिकामा'. रिकामा पाय उचलायचा, पुढे टाच टेकवायची, पण वजन टाकायचं नाही. पाऊल हळूहळू जमिनीवर पसरायचं. जमीन नीट आहे अशी खात्री झाली की मगच, ग्लासात पाणी ओतावं तसं, वजन पुढच्या पायात ओतायचं. मागचा रिकामा झाला की तो उचलायचा. एवढंच.

करून बघा, घाम फुटतो. कारण आपण एरवी तसं चालतच नाही. आपण पुढे झेपावतो आणि पाय आपल्याला सावरेल असं गृहीत धरतो. विशीत तो सावरतो. सत्तरीत, बर्फावर, नाही सावरत. त्या दिवशी ड्राइव्ह-वेवर माझं पाऊल पडण्याआधीच वजन पुढे गेलेलं होतं. पाऊल आधी, वजन नंतर, हे ताई चीतलं पहिलं आणि माझ्या मते शेवटचंही सूत्र. रिकामं आणि भरलेलं ओळखा, हे यांग चेंगफू या विख्यात गुरूच्या दहा मुख्य नियमांपैकी एक आहे.

हा व्यायाम आला कुठून?

ताई ची ही मुळात मारामारीची विद्या. आमचे हे पहिल्यांदा बघून म्हणाले, "ही तर स्लो मोशनमधली मारामारी!" ते चेष्टेत बोलले, पण बरोबर बोलले. पूर्ण नाव ताई ची चुआन, त्यातल्या 'चुआन'चा अर्थ मूठ. 'ताई ची' म्हणजे परमोच्च तत्त्व. त्यातली 'ची' ही प्राणशक्ती असा आपला समज असतो, पण प्राणशक्तीचा 'ची' वेगळा, चिनी लिपीत त्याचं अक्षरही वेगळं.

सतराव्या शतकात हनान प्रांतातल्या चेन कुळाच्या गावात ही विद्या आकाराला आली असं मानतात. तिथून ती एकोणिसाव्या शतकात यांग लुचान याने बीजिंगला नेली. त्याचा नातू म्हणजे वर सांगितलेला यांग चेंगफू. त्याने उड्या आणि झटके कमी करून ती संथ, मोठ्या हालचालींची आणि सर्वांना झेपेल अशी केली. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा विभागाने तिच्यातून २४ हालचालींचा एक सोपा क्रम बांधला. तो पाच-सहा मिनिटांत होतो आणि आज जगभर बहुतेक वर्गांत तोच शिकवतात.

हे वाचताना मला औंध आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा असाच ध्यास घेतला होता. स्वतः रोज घालायचे, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना घालायला लावायचे, त्यावर पुस्तकं लिहायचे. घरच्या आणि आखाड्याच्या विद्येला सोपा क्रम देऊन ती सामान्य माणसाच्या हाती द्यायची, हा विचार औंधलाही झाला आणि पुढे बीजिंगलाही. मग चिनी विद्या घेतली म्हणून आपली सोडली असं वाटून घेण्याचं कारण काय?

अर्थात आपल्यातल्या एखाद्याला हे एवढ्यावर पटत नाही. मंडळाच्या कोजागिरीला मी ताई चीचं नाव काढताच एक गृहस्थ म्हणाले, "अहो, ते मूळ आपलंच! बोधिधर्माने नेलं चीनला." ती दंतकथा शाओलिन मठाची, ताई चीची नव्हे. पण समजा, आपलं असलं, तरी केल्याशिवाय उपयोग काय?

अमेरिकेत ही विद्या रुजली ती प्रामुख्याने न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून. १९६४ मध्ये चेंग मान-चिंग हे वैद्य, चित्रकार आणि कवी न्यूयॉर्कला आले आणि त्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना खुल्या मनाने शिकवलं. २०२० साली युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

हालचालींची नावं मोठी गोड. घोड्याची आयाळ विंचरणे, पांढऱ्या बगळ्याने पंख पसरणे, माकडाला मागे हटवणे, ढगांसारखे हात फिरवणे. आणि सोनेरी कोंबडा एका पायावर! या कोंबड्यापाशी आमचा निम्मा वर्ग खुर्ची धरतो.

डॉक्टर काय म्हणतात?

आपण पुराव्याशिवाय मानणारी माणसं नव्हे. घरटी एक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. तेव्हा थोडं त्याविषयी.

१९९६ साली अॅटलांटाच्या एमरी विद्यापीठात सत्तरीच्या पुढच्या दोनशे जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा आठवडे ताई ची केलेल्या गटात पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. २०१८ साली ओरेगनमध्ये पडण्याचा धोका जास्त असलेल्या ६७० वृद्धांचे तीन गट केले. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई चीवाले ५८ टक्क्यांनी कमी वेळा पडले, आणि चालणं, ताकद, तोल असा सर्व प्रकारचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरच्या २०१२ सालच्या अभ्यासातही तोल सुधारला.

गुडघेदुखीचं म्हणाल, तर २०१६ साली बॉस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्राने २०४ रुग्णांत ताई ची आणि फिजिकल थेरपी यांची तुलना केली. बारा आठवड्यांनी दुखणं दोन्हींत सारखंच कमी झालं, ताई चीवाल्यांचं मनही जास्त हलकं झालं. २०२४ मध्ये बीजिंगच्या ३४२ जणांच्या अभ्यासात, थोडा चढा रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा वर्षभराच्या ताई चीने सरासरी ७ ने उतरला. जॉगिंग, भरभर चालणं, सायकल असे व्यायाम करणाऱ्यांचा सुमारे ४.६ ने.

हे होतं कसं? आपला तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र आणि तळपाय-घोट्यांतून मेंदूला जाणारी खबर. वयाबरोबर तिन्ही मंदावतात. मोतीबिंदू असतो, चक्कर असते आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या डायबेटिसने तळपाय बधिर होतात. मग रात्री अंधारात बाथरूमला जाताना डोळ्यांची मदतही जाते. ताई चीत संथपणे एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना घोटे, मांड्या, कंबर यांना काम पडतं. मान आणि नजर फिरत असताना शरीर स्थिर ठेवावं लागतं आणि मनाचं सगळं लक्ष पावलात असतं. शिवाय आणखी एक गोष्ट. एकदा पडलेला माणूस भीतीने हिंडणं कमी करतो, त्याने पाय कमजोर होतात, म्हणून तो पुन्हा पडतो. ताई चीने ती भीती कमी होते. माझी झाली.

पण ही जादू नव्हे. वजन उतरवायला ती पुरेशी नाही आणि गोळ्यांच्या ऐवजी तर मुळीच नाही. दोन-तीन महिने, आठवड्यातून दोनदा तरी केल्याशिवाय फरक कळत नाही. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. नजर आणि हाडांची घनता तपासून घ्या. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर विचारूनच सुरुवात करा.

सुरुवात करायची तर

वर्गासाठी लांब जावं लागत नाही. गावचं सीनियर सेंटर, वायएमसीए, पब्लिक लायब्ररी इथे चौकशी करा. काउंटीच्या वृद्धकल्याण कार्यालयातही माहिती मिळते. 'ताई ची फॉर आर्थ्रायटिस' हा क्रम सिडनीचे डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये सांधेदुखीवाल्यांसाठीच बसवला. तो, किंवा तोलासाठी बसवलेला 'मूव्हिंग फॉर बेटर बॅलन्स', मिळाला तर उत्तम. साध्या मेडिकेअरमध्ये या वर्गांचा खर्च धरत नाहीत, पण काही मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजनांत 'सिल्व्हर स्नीकर्स'सारखी सवलत असते. आपला कागद काढून बघा.

कपडे सैल हवेत. सलवार-कमीज अगदी झकास. बूट सपाट, पातळ तळाचे. घरात आपण चपला काढून मोजे घालून लाकडी जिन्यावरून वरखाली करतो, तेवढी सवय मात्र मोडा. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि दुखेल एवढं खाली वाकायचं नाही. घरी सराव करताना किचनच्या ओट्याशी उभे राहा, हात टेकवायला जागा हवी. टाचेला बोटं लावून दहा सेकंद उभं राहण्याची ती परीक्षाही तिथेच, आणि शेजारी कोणी असताना घ्या.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. गणपतीच्या आरतीनंतर जेवणाची रांग लागेपर्यंत अर्धा तास आपण उभेच असतो. त्यातली दहा मिनिटं ज्येष्ठांना 'रिकामा पाय, भरलेला पाय' करायला द्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या 'उत्तररंग'मध्ये आपण मृत्युपत्र आणि गुंतवणूक यांवर बोलतो. पडण्यावरही मोकळेपणाने बोलू या.

शेवटी घरातलं

सहा महिन्यांनी मी मुलीला फोन करून बरणीची खरी गोष्ट सांगितली. ती रागावली, मग रडली. पण घर विकण्याचं बोलली नाही. म्हणाली, "आई, पडलीस हे चालेल. न सांगणं नाही चालणार." पुढच्या वीकएंडला येऊन जावयाने बेसमेंटच्या जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे आणि रात्रीचे दिवे लावून दिले. सांगितलं असतं तर तीन दिवसांत होणारं काम, लपवलं म्हणून सहा महिने राहिलं होतं. घर एक दिवस विकावं लागेलच. पण तो दिवस आम्ही तिघं मिळून ठरवू. बर्फाचा पापुद्रा ठरवणार नाही.

गेल्या जानेवारीत त्याच ड्राइव्ह-वेवर माझा पाय पुन्हा सरकला. वजन मागच्या पायावर होतं, म्हणून मी नुसती हेलकावले आणि उभी राहिले. ताई चीमुळेच की नशिबाने, कोण जाणे. दोरीवरचे ते दहा सेकंद मात्र आता मी पुरे करते.

आणि आमचे हे? त्यांच्या पायांना डायबेटिसने मुंग्या येतात, पण वर्गाला यायला अजून तयार नाहीत. "चिन्यांचं कशाला?" हे चालूच आहे. मात्र परवा सकाळी चहा करताना मागे वळून बघितलं, तर डायनिंगची खुर्ची धरून, टाच टेकवून, हळूहळू पाऊल पसरत होते. मला बघून थांबले.

"काय करताय?"

"काही नाही," म्हणाले, "तुझ्या त्या ताईचंच काहीतरी."